सुटणारी फळी

अंतराला खरं तर योगाच्या वर्गाला जायचं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे झालं ते ऐकून कुणालाही वाटेल की ही मुलगी तिथे मुद्दाम गेली. मुद्दाम तिनं पुष्कळ काही केलं, पण ते नंतर. त्या शुक्रवारी संध्याकाळी कुवेतमधल्या अहमदीतल्या जुन्या हॉलचं तिनं उजव्याऐवजी डावं दार उघडलं, एवढाच तिचा गुन्हा.

"या, या, या!"

समोर एक उंच तरुण उभा होता. बोटांना गोंद, केसांत लाकडाचा भुसा आणि चेहऱ्यावर घरी पाहुणे आल्याचा आनंद.

"नवीन ना तुम्ही? चार महिन्यांनी कुणीतरी आलं बघा! मी अनिकेत. नव्या लोकांचं स्वागत, शिकवणं, सगळं माझ्याकडं असतंय." त्यानं तिच्या काखेतली गुंडाळी अलगद काढून घेतली. "नकाशापण घेऊन आलात? लई भारी!"

त्यानं ती टेबलावर उलगडली. जांभळी योगा मॅट, मधोमध भलंमोठं कमळ. तो कमळाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"हे... कोणतं जहाज?"

हॉलच्या या बाजूला लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचं मंडळ भरत होतं. आतल्या टेबलांवर छोटी छोटी जहाजं उभी होती, आणि तिथली पाच-सहा माणसं माना वर करून बघत होती. खरं सांगून टाकायला हवं होतं. पण त्या माणसाचे डोळे इतके आशेनं भरलेले होते की...

"अजून ठरलं नाही," अंतरा म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

कुवेत शहरातल्या शर्क भागात, आयटी कंपनीत दिवसभर लोकांच्या चुका शोधणारी ही पुण्याची मुलगी तासाभरात लाकडी पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वाकवायला शिकली. नवीन माणसाला तिथे आधी एक छोटं गलबत देत. सांगाड्यावर एकेक फळी चिकटवायची, आठवडाभर घरी नेऊन वाळवायची आणि पुढच्या शुक्रवारी परत आणायचं. ते पुरं होईतोवर शिकवणारा शेजारी बसणार. गलबत पूर्ण झालं की नवखेपण संपलं. मग उठायचं आणि पलीकडच्या जुन्यांच्या टेबलावर जायचं. मंडळाचा हा नियम फार कडक होता.

"तुम्ही कुठले? कोकणातले?" तिनं विचारलं.

"लातूरचा."

"लातूर? आणि जहाजं?"

"हसू नका. आमच्याकडं पाणी रेल्वेनं आलं होतं. ज्याला जे मिळत नाही, त्याचंच वेड लागतंय माणसाला."

हे बोलताना तो फळीकडे बघत होता की तिच्याकडे, हे अंतराला नक्की कळलं नाही. पण कान मात्र तिचे गरम झाले. पुढच्या शुक्रवारी ती अर्धा तास लवकर आली. योगाचा वर्ग उजवीकडेच राहिला.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आपला हात बसलाय. या वेगानं गलबत महिन्याभरात पूर्ण होणार! मग पलीकडचं टेबल, आणि या खुर्चीत दुसरीच कुणीतरी. गुरुवारी ऑफिसातून आल्यावर तिनं किटली लावली, गरम पाण्यात फडकं बुडवलं, नीट चिकटलेल्या दोन फळ्यांवर ठेवलं आणि गोंद नरम पडल्यावर त्या हलकेच सोडवल्या. मन अगदी खुशीत होतं.

"सुटल्या?" शुक्रवारी अनिकेतचा चेहरा पडला.

"काय माहीत. हवा दमट असेल."

"कुवेतची हवा?"

"आमच्या बिल्डिंगमधली," अंतरा म्हणाली, आणि तिनं पापण्या झुकवल्या. "पुन्हा दाखवा ना... बोट नेमकं कुठे दाबायचं?"

त्यानं दाखवलं. बोटाला बोट लागलं. असं आणखी दोन आठवडे चाललं. ती चार फळ्या लावायची आणि तीन काढायची.

सातव्या शुक्रवारी मात्र अनिकेत तिच्या शेजारी बसलाच नाही.

"तुमचं नुकसान करायलोय मी," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "दीड महिन्यात एक बाजू होईना. दोष शिकवणाऱ्याचा असतोय. आजपासून तुम्हाला यूसुफचाचा शिकवतील. आणि स्वागताचं कामसुद्धा मी सोडतोय."

तो जुन्यांच्या टेबलावर जाऊन पाठ करून बसला. अंतराला चूक कळली. आपण हुशारी केली आणि त्याचं मन मोडलं! ज्याला धरून ठेवायचं, त्यालाच आपण उठवून लावलं.

यूसुफचाचा दाभोळचे. शर्कच्या मासळीबाजारात त्यांचा बर्फाचा धंदा होता, आणि त्यांच्या आजोबांनी खरीखुरी गलबतं बांधलेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फळीवरून अंगठा फिरवला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ही फळी सुटलेली नाय. सोडवलेली हाय. गरम पाण्यान्. कोनी केला ह्या?"

अनिकेत वळला. अजूनही थाप मारता आली असती. पण त्याचा तो पडलेला चेहरा बघून अंतराला थाप सुचेना.

"मीच," ती म्हणाली. "दर गुरुवारी."

"का?" अनिकेत उठून जवळ आला.

"गलबत पूर्ण झालं असतं तर... तुमच्या शेजारून उठावं लागलं असतं."

अनिकेतनं ती सुटलेली फळी उचलून उलटसुलट पाहिली. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझं शिकवणं वाईट नव्हतं?"

यूसुफचाचांनी कपाळावर हात मारला. "अरे शिकवन्याचा काय घेऊन बसलास! पोरगी काय बोलते ता बघ!"

"तुमचं शिकवणं उत्तम आहे," अंतरा म्हणाली. आता लाजून भागणार नव्हतं. "मला तुम्ही आवडता, अनिकेत. जहाजं नंतर नंतर आवडायला लागली. तुम्ही पहिल्या दिवसापासून."

अनिकेत एकदम खाली वाकून टेबलाखाली शिरला आणि एक लांबलचक खोका ओढत बाहेर आला. तीन डोलकाठ्यांचं जहाज, सुट्या भागांत. खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : अंतरा.

"गलबत झाल्यावर देणार होतो," तो भुसा झटकत म्हणाला. "महिना झाला आणून. म्हटलं, एवढं मोठं जहाज एकटीला जमणार नाही, तर... माझी मदत मागाल. सहाशे फळ्या आहेत. दोन वर्षं तरी लागतील."

"दोन वर्षं? शुक्रवारी शुक्रवारी?"

"शुक्रवारच कशाला..." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "रोज बसू की. एकाच घरात."

"हो," अंतरा म्हणाली.

इतक्या चटकन म्हणाली की त्या बिचाऱ्याला विश्वासच बसेना.

"हो म्हणजे... जहाजाला हो?"

"अहो, तुम्हाला हो!" अंतरा ओरडली, आणि मंडळाच्या सगळ्या जहाजांदेखत तिनं त्याचा गोंदानं माखलेला हात घट्ट धरला.