ताशा पुन्हा तिथेच अडला!

शरयूनं रागानं ताशाच्या काड्या भिरकावल्या. त्या छताला आपटल्या आणि चिडवल्यासारख्या सावकाश तरंगत खाली आल्या. चंद्रावर धड आदळआपट करायचीही सोय नाही!

उद्या चंद्रवसाहतीची पहिली मिरवणूक होती. ताशा कोण वाजवणार, हे पथकप्रमुख भोसलेकाका आज ठरवणार होते. शरयू, नाहीतर ठोक्या. ठोक्या हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). तो कधीच चुकत नसे, म्हणून तो तिला डोळ्यांसमोर नको असे. आणि काकांनी शिकवायला त्यालाच बसवलेलं!

"महिनाभर घाम गाळतेय," ती कडाडली, "तरी दुसऱ्या हातावरून (ठेक्याच्या एका प्रकारावरून) तिसऱ्यावर जाताना मी माती खातेच! का?"

"कारण तू चुकीचाच सराव करतेस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चुकलीस की तू पहिल्यापासून सुरू करतेस," ठोक्या शांतपणे म्हणाला. "म्हणजे येतं तेच घोकतेस. अवघड वळणावरून मात्र घाईघाईत, चुकतच जातेस. मेंदूत चेतातंतू (संदेश वाहून नेणारे धागे) असतात. एकाच वाटेनं संदेश पुन्हापुन्हा गेला, की ती वाट पक्की होते. ती बरोबर की चूक, हे वाटेला कळत नाही. तू चूकच पक्की केलीस."

"मग आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगायला लागलो, की तू काड्या फेकतेस."

हे खरंच होतं, त्यामुळे आणखीच झोंबलं.

"फक्त वळण वाजव. अगदी हळू. कुठे बिघडतं ते तूच शोध. नीट जमलं, की थोडा वेग वाढव."

दातओठ खात ती वाजवू लागली. डावी काडी किंचित उशिरा पडत होती! इतके दिवस हे ऐकूच आलं नव्हतं. स्वतःचाच भयंकर राग आला तिला. पण काड्या हातातच राहिल्या.

काका आले तेव्हा वळण साफ निघालं. शेवटच्या तर्रीत (सलग, दाट ठोक्यांत) मात्र ती अडखळली.

"चु..." ठोक्यानं सुरुवात केली.

"गप्प! उजवी पकड सैल पडली. कळलंय मला!" आणि काकांसमोरच तिनं तेवढाच तुकडा हळूहळू वाजवायला घेतला.

काकांनी थोडा वेळ ऐकलं. "ठोक्या, उद्या तू झांजा घे. ताशा हिचा."

"पण ती चुकली."

"चुकली. पण कुठे, ते तिचं तिला ठाऊक आहे."

"काका, बाजूला सरका," शरयू फणकारली. "मला तर्री बसवायचीय."