भिंतीच्या बाजूने

त्या दिवशी एक साधी मोजणी करायची होती, एवढंच. संध्याकाळी पाचला संचालक येणार होते. निकाल दिसला नाही, तर तळघरातलं आमचं क्ष-किरण यंत्र भंगारात जाणार होतं. याच यंत्रासाठी मी परदेशातली नोकरी सोडून परतले होते.

स्फटिक माझ्या गुरूंचा, मास्तरांचा. त्यांनी तो भट्टीत महिनाभर वाढवला, आणि गेल्या वर्षी ते वारले. हा अतिवाहक, पुरेसा थंड केला की त्यातून वीज विनाअडथळा धावते. पण त्याआधी आत एक बदल होतो. अणूंच्या चौरस चौकटी ताणून आयत होतात, काही उभे, काही आडवे. मग पडद्यावरच्या आलेखात दोन शिखरं दिसतात, प्रत्येक दिशेचं एक. सगळे आयत एकाच दिशेला, म्हणजे एकच शिखर हवं, तर स्फटिक छोट्या शिकंज्यात आवळून, एका बाजूने दाबूनच थंड करावा लागतो.

तापमान उतरत गेलं. एकच शिखर! सुईसारखं!

"काका, काय झकास आवळलंत!" मी ओरडलेच.

तंत्रज्ञ काकांनी कपाळाला हात लावला. "बाई... शिकंजा इथे टेबलावरच राहिला. घाईत मी स्फटिक नुसताच चिकटवलाय."

"मग दाबलं कुणी?"

"मला काय विचारता? मी चहाला गेलो होतो."

यंत्राचा दोष असेल म्हणून मी स्फटिक गरम केला, काटकोनात फिरवला, पुन्हा थंड केला. पुन्हा एकच शिखर, पण या खेपेला स्फटिकाची दुसरी बाजू दाबली गेली होती. म्हणजे दाब स्फटिकात नव्हता, खोलीत होता. भिंतीच्या बाजूने येत होता.

"तिथे मास्तर बसायचे," काका हळूच म्हणाले.

अंगावर काटा आला, तरी हसू आवरेना. मोजता येणारं भूत! मी भिंतीकडे वळले. "मास्तर... सोडा बघू."

पंप धडधडत होता. तापल्या तेलाचा वास दाटला होता. पडद्यावर दुसरं शिखर सावकाश वर आलं.

"आता बोंबला," काका पुटपुटले. "पाच वाजले."

संचालक दारातच उभे होते. "दोन दिसतायत. तुम्ही एक म्हणाला होतात."

मी पुन्हा भिंतीकडे वळले. "धरा," मी म्हणाले. "मास्तर... धरा ना."

"कुणाला सांगताय?"

मी तोंड उघडण्याआधीच दुसरं शिखर खचलं, सपाट झालं. संचालक पडद्याजवळ आले.

"दाब किती दिलात?"

"आम्ही दिलाच नाही, सर."

"मग कुठून येतो, ते शोधा. तोवर यंत्र राहू दे."

काकांनी मला चक्क मिठी मारली! यंत्र बंद करताना मी हसत म्हटलं, "सुटलात, मास्तर."

जिना चढताना डाव्या दंडावर बाजूने हलकासा दाब जाणवला. दीड महिना झाला, तो गेलेला नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. आई म्हणते, जागरणं कमी कर.

गेल्या आठवड्यापासून थंडी पडू लागली आहे, आणि दाब रोज थोडा वाढतो आहे.