चावलेल्या काड्या

"माझी आई माफी मागणार न्हाई!" ईश्वरी ओरडली.

"मागंल! उद्या एसटीनं येऊन सगळ्यांसमोर मागंल!" केदारमामांचा आवाज त्याहून चढला. "रामेश्वरनं जपानाहून आणलेलं यंत्र जाळलंस, वर डबा हरवलास! बापाविना वाढलेलं पोर. धाक हाय कुणाचा?"

काय जीभ म्हणायची ही! पोरीला बोलायचं तर बोला, तिच्या मेलेल्या बापाला कशाला मधे ओढता? आणि गेवराईत दिवसभर ब्लाऊज शिवून पोर वाढवणाऱ्या सख्ख्या बहिणीला कशाला? ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते खाली पडू दिलं नाही.

मामांनी तिच्यासमोरच गेवराईला फोन लावला. मग कुलरच्या वाऱ्यात ऐटीत आडवे झाले.

ते यंत्र म्हणजे व्हिडिओ गेम. धाकटे रामेश्वरमामा जपानात नोकरीला. त्यांनी तिथल्या जुन्या बाजारातून ते घेतलं आणि दिवाळीला येताना युसूफ वडगावला आणलं. पडद्यावरची सगळी अक्षरं जपानी! पण सुट्टीत पोरांनी ओळी पाठ करून टाकल्या होत्या. वरून तिसरी म्हणजे गाड्यांची शर्यत, आणि शेवटची चुकून दाबली की सगळी कमाई साफ!

सोबत एक लोखंडी डबा होता, विटेएवढा आणि विटेहून जड. "जपानातली वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीस," रामेश्वरमामांनी बजावलं होतं. "यंत्र डब्यात लावायचं, डबा भिंतीत. थेट भिंतीत लावलंत तर भाजून निघेल!" हे त्यांनी पोरांकडून घोकून घेतलं. थोरल्या भावाला, केदारमामांना, मात्र सांगितलं नाही. त्यांना काय सांगायचं? गावात विजेच्या सामानाचं दुकान त्यांचंच!

घरावरच्या माळवदावर तिघांची बैठक बसली. ईश्वरी, मामेभाऊ रुद्रेश आणि त्याची लहान बहीण संस्कृती.

"काल दुपारी यंत्र जळलं, तवा आपण तिघंबी विहिरीवर पोहायला गेलतो," रुद्रेश म्हणाला. "यंत्र जाळायला ईश्वरीताई काय उडत आली व्हय?"

"हे पप्पांना सांग की बे!" संस्कृती म्हणाली.

"सांगितलं. म्हणले, बहिणीची बाजू घेतो का, आणि दिली एक ठेवून!"

ईश्वरी तरातरा खाली उतरली. "चला. रडून काय व्हायचं न्हाई. बघायचं."

मामा दुकानात गेले होते. तिनं आधी बटण बंद आहे का पाहिलं, मग यंत्राची वायर उचलली. तिच्या टोकाला दोन चपट्या पिना, आणि पिनांना गुंडाळलेली तांब्याची तार!

"ह्या पिना भिंतीच्या गोल भोकांत जातच न्हाईत," ती हळूच म्हणाली. "म्हणून कुणीतरी तार गुंडाळली. आणि तारेची टोकं..."

"भोकात काड्या हायत!" संस्कृती किंचाळली.

"हात लावू नको! नुसतं बघ."

बोर्डाच्या दोन भोकांत काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे घट्ट बसले होते. तार सुटू नये म्हणून कुणीतरी खुपसलेले. आणि त्यांची वरची टोकं दातांनी चावून चावून चपटी केलेली!

"ह्या तर पप्पांच्या काड्या!" रुद्रेश म्हणाला. गावाला पिना विकणारा माणूस स्वतःच्या घरी कधी पिन लावत नाही, काड्या खुपसतो. आणि खुपसण्याआधी गुल तोडून काडी चावत बसतो. हे सगळ्या घराला ठाऊक होतं!

"पण डबा कुठाय?" संस्कृतीनं विचारलं.

ईश्वरीनं खोलीभर नजर फिरवली. काहीतरी चुकत होतं. एरवी ह्या खोलीतला कुलर असा हलायचा की मामांचं अर्धं बोलणं त्याच्या खडखडाटात वाहून जायचं. आज मात्र शिव्यांतली एकही वाया गेली नव्हती! ती वाकली, कुलरच्या पायाखाली पाहिलं, आणि दोघांना बोट करून दाखवलं.

"आता कुणी काय बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "उद्या आईसमोर."

दुसऱ्या दिवशी ईश्वरीची आई प्रणिता उन्हातून आली. घाम पुसायच्या आधीच तिनं हात जोडले. "दादा, पोरीचं चुकलं असंल..."

"आई, हात खाली कर!" ईश्वरी गरजली. "आधी मामा एक काम करतेत."

लाईट गेली होती, ते बरंच झालं. शॉकची भीती नव्हती. रुद्रेशनं पिन तुटलेला टेबलफॅन आणून ठेवला. "पप्पा, लाईट आली की आत्याला वारा लागंल. तेवढा जोडून द्या की!"

"त्यात काय!" मामा फुशारले. खिशातून काडेपेटी काढली, काड्यांचे गुल मोडले, काड्या दाताखाली धरल्या. कटकट चावल्या. तारेची टोकं भोकात घालून वरून काड्या खुपसल्या. "झालं!"

"मामी, हिकडं या," ईश्वरी म्हणाली. "ह्या काड्या बघा. आन् ह्या यंत्रापाशीच्या."

शांतादेवी मामींनी दोन्ही बोर्ड निरखले. मग नवऱ्याकडं पाहिलं. ती नजर काही बरी नव्हती.

"काडी कुणीबी चावंल!" मामा पुटपुटले.

"आन् हे?" ईश्वरीनं कुलर तिरका केला. रुद्रेशनं खाली टेकू म्हणून सारलेला लोखंडी डबा ओढला.

"अगं बाई!" मामी कडाडल्या. "परवा सकाळी तुमीच म्हणलात ना, बजरंगराव येणार, कुलरचा आवाज बंद केलाय म्हणून? आन् त्या पुढाऱ्याला यंत्र दाखवायला गेलात! डबा कुलरखाली, यंत्र थेट भिंतीत! आन् लेकराच्या माथी मारलंत?"

मामा भिंतीकडं बघत राहिले. "भप्प झालं... बजरंगरावासमोर. कसं सांगू?"

"माझ्या मेलेल्या बापाचं नाव घ्यायला लाज वाटली न्हाई, ह्याला वाटली?" ईश्वरी म्हणाली.



मामींनी तिला जवळ ओढलं. "शाबास! दुकान थाटून बसलेल्यांना जे दिसलं न्हाई, ते तू दावलंस."

"मला शाबासकी नको, मामी. आईची माफी पायजे."

केदारमामांनी धाकट्या बहिणीपुढं हात जोडले. "प्रणिता... चुकलो. लई चुकलो. यंत्र मी उघडून बघतो. फ्यूजच गेला असंल, तर बसवतो. पण पोरगी सांगंल तसंच लावायचं."

"आन् आधी त्या पंख्याला पिन लावा," ईश्वरी म्हणाली.

तेवढ्यात लाईट आली. डबा काढलेला कुलर पहिल्यासारखा थडथड नाचू लागला.

"धरा!" मामींनी हुकूम सोडला. "नणंदेचा चहा होईस्तोवर धरून उभं ऱ्हावा!"

मामा दोन्ही हातांनी कुलर कवटाळून उभे राहिले. प्रणितानं पदरानं घाम पुसला, वाऱ्यात बसली, आणि चहा अगदी सावकाश प्याली.