चार ओळींची लस

निषाद बोरसे आला होता प्रसिद्धी मागायला, आणि आल्या आल्या त्याच्या डोक्यावर टोपी चढवली गेली. बारीक तारांची, मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी. नाशिकच्या अवधान प्रयोगशाळेत प्रत्येकाचं स्वागत असंच व्हायचं. चहा नंतर.

"ताई, मला बातमी छापून आणायचीय. डोकं तपासून घ्यायचं नाहीये," तो म्हणाला.

"बातमी शेवटी डोक्यातच छापली जाते रे. हलू नकोस," डॉ. इरावती देवरे म्हणाली.

निषाद तिच्या धाकट्या भावाचा मित्र. त्यामुळे तिला ताई म्हणण्याचा आणि न कळवता टपकण्याचा हक्क त्याच्याकडे शाळेपासूनच होता. आज त्याने खिशातून एक पांढरी चकती काढून टेबलावर ठेवली होती. साधारण मारी बिस्किटाएवढी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेली. तिचं नाव त्याने 'सावधक' ठेवलं होतं.

शहरातल्या प्रत्येक घरात आता एक साठकुंभ असायचा. गच्चीवरच्या सौरपत्र्यांची वीज दिवसभर पोटात भरून घ्यायची आणि अंधार पडला की घराला द्यायची, एवढंच त्याचं काम. कंपनी सांगायची की तो मोकळ्या बाल्कनीत बसवा. पण मोकळी बाल्कनी ठेवतो कोण? लोकांनी ती केव्हाच काचा लावून खोलीत घेतली होती, आणि तिच्याबरोबर साठकुंभही घरात आला होता.

"आठ-दहा वर्षांनी त्याच्या झाकणाचं रबर विरतं," निषाद सांगू लागला. "मग आतून वायू झिरपतो. त्याला ना रंग, ना वास. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, निघून जातो. थंडीत घर बंद. आधी सकाळी डोकं जड होतं, मग दिवसा झोप येते, आणि मग एक दिवस माणूस उठतच नाही. माझ्या मामाचं तेच झालं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. बासष्ट हे काय वय आहे, ताई?"

निषाद बोलायचा थांबला. पडद्यावरची त्याची लहर मात्र बराच वेळ खाली आली नाही.

सावधक भिंतीला चिकटवायचा. वायू लागला की तो लाल होऊन बोंब मारायचा. किंमत कुकरच्या नव्या रिंगेपेक्षा थोडी जास्त. कंपनीला निषादने तीनदा कळवलं होतं. पण मान्य करायचं तर लाखो घरांतली रबरं बदलून द्यावी लागली असती, म्हणून कंपनीने तीनदा आभार मानले होते.

"आता थंडीच्या आत लोकांपर्यंत पोचायला हवं," निषाद म्हणाला. "कुठेही छापा म्हणावं. कोपऱ्यात चार ओळी आल्या तरी चालेल."

"चार ओळी? अजिबात नाही," इरावती एवढ्या जोरात म्हणाली की तो दचकला.

तिने पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी लावले. "हा पहिला गट. यांना आम्ही एका धोक्याची बातमी एकदम पूर्ण दिली. ही बघ, लहर उसळली. यातल्या बहुतेकांनी तिथल्या तिथे घरी फोन केला. हा दुसरा गट. बातमी तीच, पण आठवडाभर आधी यांना पेपरात तिच्या चार ओळी वाचायला मिळाल्या होत्या. कौतुकाच्या, गोड, कुणालाही काही करायला न सांगणाऱ्या."

दुसऱ्या आलेखावर एक छोटा, गोल उंचवटा आला आणि पुढे सगळं सपाट होतं.

"तो उंचवटा म्हणजे परिचय-लहर," ती म्हणाली. "मेंदू म्हणतो, माहीत आहे. आणि दार लावून घेतो. परीक्षा घेतलीस तर या लोकांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. माहिती पोचलेली असते, फक्त हात हलत नाही. निदान वर्षभर तरी."

"म्हणजे रोज मरे त्याला कोण रडे!"

"रोज कशाला? एकदाच, थोडंसं मेलं तरी पुरतं. गोवराच्या लशीत काय करतात? रोगाचंच दुबळं रूप टोचतात. मग खरा रोग आला की शरीर त्याला उभं करत नाही. ही बातमीची लस आहे."

निषादने विचारलं, "आणि ही लस लागू नये म्हणून?"

"पहिल्याच वेळी हात हलला पाहिजे. ऐकल्या ऐकल्या माणूस उठला, झाकणाला हात लावून आला, चकती चिकटवून आला, की मेंदू त्या गोष्टीला बातमी समजत नाही. ते काम होतं."

मग दोघांनी मिळून बेत ठरवला. तोवर कुठेही अवाक्षर काढायचं नाही. दिवाळीच्या पहाटे, सगळं घर जागं असताना, सर्वांत मोठ्या वाहिनीच्या कार्यक्रमात निवेदिका प्रेक्षकांना उठवेल आणि आपापल्या साठकुंभापर्यंत चालत नेईल. वाहिनीच्या संपादकबाई इरावतीच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी तत्त्वतः होकारही दिला.

निघताना निषादने टेबलावरची चकती तिच्या हातात ठेवली. "पहिल्या खेपेतली पहिली. तुमच्या घरी लावा. काकू दिवसभर घरात असतात."

"माहीत आहे रे मला. लावते," इरावती म्हणाली आणि ती पर्समध्ये टाकून तिने पुन्हा आलेखात डोकं घातलं.

दिवाळीला तीन आठवडे असताना निषादचा फोन आला. आवाजात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"ताई, पेपरात आलो! शहर पुरवणीत, फोटोसकट! 'नाशिकच्या तरुणाची भरारी'! चौकात फलक लागलाय, रविवारी सत्कार आहे, शाल-श्रीफळ!"

"तू मुलाखत दिलीस?"

"त्यांनीच फोन केला. नाही कसं म्हणू? आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मुलाचं नाव छापून आलं, ताई."

इरावतीला त्याचा राग आला आणि कीवही आली. तिने बातमी मिळवून पाहिली. चार ओळी होत्या. तरुणाने वायू ओळखणारे उपकरण बनवले, त्याचे सर्वत्र कौतुक होत आहे. वायू कुठून येतो, कुणाच्या घरात येतो, कोण मेलं, यातलं काहीच नव्हतं. मग तीच बातमी धुळ्यात आली, जळगावात आली, सोलापुरात आली, रेडिओवर गाण्यांच्या मध्ये आली. शब्द थोडे बदललेले, गोडवा तोच. निषादचे दोन सत्कार झाले, तिसऱ्याचं बोलावणं आलं. चकत्या मात्र गोदामात होत्या तिथेच होत्या.

मग संपादकबाईंचा निरोप आला. "इरावती, विषय महत्त्वाचा आहे गं, पण तो येऊन गेलाय. सगळ्यांना माहीत आहे."

इरावतीने टोपी घेतली आणि कॉलेज रोडवर, भाजी बाजारात, बँकेच्या रांगेत भेटतील त्यांना घालायला लावली. त्यांना निषादची खरी, पूर्ण बातमी ऐकवली. मामाच्या मृत्यूसकट. डोक्यामागून डोक्यात तोच छोटा, गोल उंचवटा येत होता. "हो, हो, तो मुलगा ना, हुशार आहे," लोक म्हणायचे आणि भाजी घ्यायला वळायचे.

एवढी चांगली लस आपोआप टोचली जात नाही. इरावतीने दोन-तीन पेपरांत विचारणा केली, तेव्हा सगळीकडून एकच नाव आलं: सुकृत भालेराव. साठकुंभ बनवणाऱ्या कंपनीचा प्रसिद्धीप्रमुख.

त्याने भेट टाळली नाही. दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या एका सकाळी तो स्वतःच प्रयोगशाळेत आला, चिवड्याचा डबा घेऊन. चाळिशीचा, नम्र, आवाज जरा बसलेला. इरावतीने निषादलाही बोलावून ठेवलं होतं. तिचं डोकं सकाळपासून जड होतं. हल्ली रोजच असायचं. थंडी, जागरणं आणि हा सगळा मनस्ताप, दुसरं काय असणार, म्हणून तिने दुसरा चहा मागवला.

"लोकांचे जीव जातील, हे तुम्हाला कळतंय ना?" तिने सरळच विचारलं.

"मॅडम, आम्ही काय दडपलं ते सांगा," भालेराव म्हणाला. "मागच्या पिढीतले प्रसिद्धीप्रमुख बातम्या दाबायचे. दाबलेली बातमी कधीतरी उसळतेच. आम्ही यांची बातमी छापून आणली. स्वखर्चाने. सत्कारही घडवले. आभार मानायला हवेत."

"माझा सत्कार तुम्ही केलात?" निषादने विचारलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"तिन्ही. शाल चांगली होती ना?"

"हे माझं संशोधन आहे. ते लोकांना सावध करण्यासाठी होतं," इरावती म्हणाली.

"आहेच तुमचं. मी दोनदा वाचलंय. इतकं उपयोगी काही मी बऱ्याच वर्षांत वाचलं नव्हतं." तो हे खरंच मनापासून म्हणत होता आणि तेच ऐकवत नव्हतं.

"मग उद्या मी पत्रकार परिषद घेते. तुम्ही लोकांना लस टोचताय हेच सांगते. बातमीची लस! ही बातमी कुणी ऐकलेली नाही."

भालेरावने खाली पाहिलं. मग चिवड्याच्या डब्याचं झाकण नीट बसवलं.

"जरूर घ्या," तो म्हणाला. "पण ऑगस्टमध्ये तुमच्यावरही एक छान चौकट आली होती. 'नाशिकच्या कन्येचे मेंदूवर संशोधन.' चार ओळी होत्या. बऱ्याच ठिकाणी आली. तुम्ही फोटो मात्र जुना दिला होतात."

इरावती हळूच खुर्चीत बसली. ती चौकट तिला लख्ख आठवत होती. त्या सकाळी तिने पेपरच्या पाच प्रती घेतल्या होत्या. निषादच्या पेढ्यांवर रागावणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने कात्रण कापून आईला नेऊन दिलं होतं. इतकी वर्षं कुणी दखल घेतली नव्हती, घेतली तर बरं वाटलं, इतकंच झालं होतं.

"आईंनी कात्रण शोकेसमध्ये लावलं असेल, नाही का?" भालेराव म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "माझ्या आईने माझ्या दहावीच्या निकालाची बातमी अजून ठेवलीय."

शोकेस. इरावतीच्या डोळ्यांसमोर ती उभी राहिली. मधल्या कप्प्यात कात्रण, चौकटीत घातलेलं. शेजारी शाळेतला वक्तृत्वाचा करंडक. त्याच्या शेजारी निषादच्या पहिल्या सत्काराची बातमी, कारण तोही घरचाच मुलगा. आणि त्या बातमीला टेकवून ठेवलेली पांढरी चकती. आईने ती हौसेने मांडली होती. प्लॅस्टिकची पिशवी न काढता, धूळ बसू नये म्हणून.

"निषाद," ती म्हणाली, "सकाळी डोकं जड होतं. मग काय होतं म्हणालास?"

"दिवसा झोप येते." तो तिच्याकडे बघतच राहिला. "ताई, तुमच्या घरचा कुंभ किती वर्षांचा आहे?"

ती फोन लावत होती. आई हल्ली पेपर वाचता वाचता खुर्चीतच पेंगायची. वय झालं, असं इरावतीच म्हणाली होती. मागच्याच आठवड्यात. फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही.

दोघं धावत सुटले. भालेरावही उठला होता, पण कुठे जावं हे न कळून तिथेच उभा राहिला.

रिक्षातूनच निषादने रुग्णवाहिका बोलावली. इरावतीने किल्लीने दार उघडलं. घर बंद होतं, उबदार होतं, कसलाही वास नव्हता. आई बाल्कनीतल्या खुर्चीत होती, मांडीवर पेपर, चष्मा नाकावर घसरलेला. पाठीमागे साठकुंभ मंद गुणगुणत होता. निषादने आधी काचा उघडल्या. एक अडली, ती त्याने कुंडी घालून फोडली. मग दोघांनी आईला, कुमुदिनीबाईंना, उचलून जिन्यातल्या मोकळ्या हवेत आणून निजवलं. श्वास चालू होता, अगदी बारीक. "आई, आई गं," एवढंच इरावतीच्या तोंडून येत होतं.

निषाद पुन्हा आत गेला. शोकेसला कुलूप होतं. काच फोडून त्याने चकती काढली आणि दातांनी पिशवी फाडली. सगळ्या खिडक्या उघड्या असूनही ती लाल झाली आणि इमारतभर बोंबलू लागली. वरच्या, खालच्या मजल्यावरची दारं उघडली. शेजारी जिन्यात येऊन उभे राहिले.

"काय झालं हो?" वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

निषादने सांगायला तोंड उघडलं. पण चकतीकडे लक्ष जाताच बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी ओसरली. "अच्छा, ते यंत्र होय! पेपरात आलं होतं," त्या म्हणाल्या.

रुग्णवाहिका आली. प्राणवायूचा मुखवटा लागला. पाच-दहा मिनिटांनी कुमुदिनीबाईंच्या पापण्या हलल्या, नजर स्थिर झाली. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग निषादच्या हातात अजून लाल असलेल्या चकतीकडे, आणि मुखवटा थोडा बाजूला केला.

"आई, घरात विषारी वायू आहे. साठकुंभातून येतोय. ही चकती त्याच्यासाठीच होती," इरावती रडत म्हणाली.

आईने तिच्या गालावरून हात फिरवला.

"माहीत आहे गं मला," ती म्हणाली. "तूच तर चकती आणलीस. बातमीपण वाचून दाखवली होतीस."