इंग्रजीत मारलेली हाक

"तुझी बॅग मेंढ्यांना फारच आवडलेली दिसते!"

असंच काहीतरी तो म्हणाला असावा. मला कळला फक्त एक शब्द... मेंढ्या. तोही अशासाठी की पाच-सहा जणी माझ्या बॅगेला तोंड लावून उभ्या होत्या.

बस मला भलत्याच फाट्यावर उतरवून निघून गेली होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारातला पाऊस वरून न पडता बाजूने येत होता आणि थेट कानात शिरत होता. ट्रॅक्टरवर बसलेल्या त्या मुलाच्या तांबूस दाढीवर थेंब अडकले होते. डोळे मात्र हसत होते.

"माइरेद... घर... कुठे आहे ती?" मी जमेल तसं आयरिशमध्ये विचारलं. माझी राहायची सोय तिच्याकडे होती.

"ती स्वयंपाकघरात आहे. घर टेकडीमागे आहे." तो बोटांनी चुलीचा धूर आणि टेकडी दाखवत म्हणाला. "डब्लिनची मास्तरीण तूच ना? चढ वर. मी ओरान, माइरेदचा मुलगा."

मास्तरीण अजून व्हायची होते मी. आमच्याकडे प्राथमिक शाळेत शिकवायचं तर आयरिश यावीच लागते. म्हणून सरकार आम्हा विद्यार्थ्यांना अशा गावांत राहायला पाठवतं, जिथे लोक अजून आयरिशमध्येच भांडतात. राहणं, जेवण, वर्ग, सगळा खर्च सरकारचा. बदल्यात एकच अट, शेवटच्या दिवसापर्यंत इंग्रजीचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. दोनदा समज मिळते. तिसऱ्यांदा बॅग भरायची, आणि वर्ष वाया.

पहिल्याच आठवड्यात मला दोनदा समज मिळून झाली. एकदा चहा सांडला म्हणून, एकदा बाथरूममध्ये कोळी दिसला म्हणून.

मग मी गप्पच झाले. डब्लिनमध्ये कोणी सांगितलं असतं, ब्रोना गप्प बसते, तर लोक हसले असते.

ओरानला याचं भारी कुतूहल. संध्याकाळी तो किनाऱ्यावर काचेच्या बरण्या घेऊन निघाला की मीही मागे-मागे जायची. तो गॉलवेच्या विद्यापीठात समुद्री वनस्पतींचा अभ्यास करत होता आणि सुट्टीतही त्याला चैन नव्हतं.

"तिकडेही तू अशीच मुकी असतेस?"

"नाही."

"मग तिकडची ब्रोना कशी आहे?"

"खूप बोलते. कधी-कधी खोटंही."

"आणि इकडची?"

मी वाक्य जुळवलं. "खोटं बोलायला... शब्द पुरत नाहीत."

तो हसला नाही. बघतच राहिला, जरा जास्तच वेळ. मग घाईघाईने खडकावरचं जांभळट शेवाळ तोडून त्याने माझ्यासमोर धरलं. "खा."

"हे? कच्चं?"

"सरकार तुझ्या जेवणाचे पैसे देतं. यात हेही आलं."

"सरकार पैसे देतं म्हणून तुझी आई मला तीन वेळा बटाटे वाढते!"

"तिसऱ्यांदा वाढते ते सरकारसाठी नाही," तो बरणीचं झाकण लावत पुटपुटला. "तिला वाटतं की... जाऊ दे."

"काय वाटतं?"

"तो शब्द तुला अजून शिकवलेला नाही."

शेवाळ खारट होतं, चिवट होतं. मी ते बराच वेळ चघळत राहिले. तो शब्द कोणता असेल?

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला होता. ओरान खडकाच्या टोकावर वाकून काहीतरी खरवडत होता. समुद्राकडे पाठ. आणि त्याच्या मागे ती लाट उठली... काळी, उंच, अजिबात आवाज न करता.

माझ्या डोक्यात एकही आयरिश शब्द आला नाही.

मी किंचाळले. इंग्रजीत, पोटातली सगळी ताकद लावून.

ओरानने उडी मारली. लाट खडकावरून धो-धो वाहून गेली, बरण्या आणि त्याचा एक बूट घेऊन. तो माझ्या पायांशी येऊन पडला, चिंब, धापा टाकत. मी त्याचा हात घट्ट धरला. वर बघितलं, तर रस्त्यावर आमच्या मुख्य शिक्षिका नुआला उभ्या.

तासाभराने त्या माइरेदच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. ओरान चुलीपाशी घोंगडी पांघरून.

"नुआला, माझं पोर जिवंत आहे ते हिच्यामुळे!" माइरेद पळी हातात घेऊन म्हणाली.

"तू थांब, माइरेद. ब्रोना, इंग्रजी मी ऐकलं. का बोललीस ते आयरिशमध्ये सांग. मग ठरवू."



"लाट मोठा होता," मी सुरुवात केली. "ओरान बघत नव्हता. मी शब्द शोधला. सापडला नाही. सापडेपर्यंत ओरान... नसता. आणि मग मी..." आता थांबणं शक्य नव्हतं. "मग मी रोज संध्याकाळी कोणाच्या मागे जाऊ? दिवसभर मी संध्याकाळचा वाट बघते. वर्गात पण. जेवताना पण. मला इथून जायचं नाही."

माइरेदने एकदम बटाट्यांकडे तोंड फिरवलं.

"लाट मोठी होती. आणि संध्याकाळची वाट," नुआला उठत म्हणाल्या. गंभीर चेहरा त्यांना काही जमत नव्हता. "बाकी सगळं समजलं. मला काय, या घरात सगळ्यांनाच समजलं. उद्या वर्गाला वेळेवर ये."

मी तशीच बाहेर पळाले. दगडी कुंपणाला टेकून उभी राहिले. गाल पेटले होते. मागून घोंगडी सावरत, अनवाणी, ओरान आला.

"ब्रोना..." आणि तो चक्क इंग्रजीत बोलायला लागला. त्याचं इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकत होते. सफाईदार होतं, पण कोणा परक्या माणसाचं वाटत होतं.

"श्श!" मी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. "आयरिशमध्ये सांग."

"तुला कळावं म्हणून..."

"कळेल."

त्याने श्वास घेतला. त्या भाषेत प्रेम करतात असं म्हणत नाहीत, प्रेम जवळ असतं म्हणतात. तो तेच म्हणाला, "माझ्याजवळ तुझ्यासाठी प्रेम आहे."

शब्दन् शब्द कळला. तरी मी मान हलवली.

"नाही कळलं," मी त्या भाषेतलं माझं पहिलं खोटं बोलले. "पुन्हा सांग ना... सावकाश."