डावा कोपरा

"हात बाहेर काढ आधी!"

ऐविंदशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमाची सुरुवात अशी कुणी करत असेल असं मला वाटत नाही. माझी मात्र अशीच झाली.

एप्रिलची सकाळ होती. बर्गनच्या दक्षिणेला, खाडीच्या काठावर आमचं छोटं संशोधन केंद्र होतं. समोर पाण्यात एक तराफा, आणि तराफ्याला टांगलेल्या सहा प्लास्टिकच्या पिशव्या. एकेक पिशवी खोलीएवढी. आत खाडीचंच पाणी, त्यातलं डोळ्यांना न दिसणारं प्लवक आणि वरून घातलेलं थोडं खत. प्लवक वाढलं की पाणी ताकासारखं पांढुरकं व्हायचं. मग त्याला विषाणू लागायचे आणि चार-पाच दिवसांत सगळं निवळून जायचं. त्या पिशव्यांना बाहेरचं बोटसुद्धा लागता कामा नये, असा माझा नियम होता. आणि इथे केशरी पोशाखातला एक लांबलचक माणूस तराफ्यावर पालथा पडून, चौथ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपत होता.

"माझी टोपी पडलीय," तो तसाच पडल्या पडल्या म्हणाला.

"राहू दे. गेली ती."

"आईनं विणलेली आहे गं."

"मग आईला कळव, टोपी विज्ञानाच्या कामी आली म्हणून."

त्यानं मान वर केली. पाऊस भुरभुरत होता. आमच्याकडे तो कधी नसतो? त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब होते, आणि त्या थेंबांमागे हसू.

"तू तूरिड ना? हालवार्ड म्हणाला होता, तराफ्यावर एक बाई भेटेल, तिला जरा घाबरून राहा."

"आणि तू?"

"मी ऐविंद. उत्तरेकडून, ट्रॉम्सोहून आलोय, आठ आठवड्यांसाठी. राहतोय ना घाबरून… बघ, उठायची पण हिंमत होत नाहीये."

मी जाळीनं टोपी काढून दिली. त्यानं ती पिळून तशीच ओली डोक्यावर घातली आणि पाण्याचे ओघळ गालांवर घेऊन मला वाकून नमस्कार केला. मी चौतीस वर्षांची होते, बारा वर्षं त्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि सहजासहजी हसत नसे. त्या दिवशी होडी वल्हवत परत येताना एकटीच हसत होते, असं मला नंतर केंद्राच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी सांगितलं.

ऐविंदचं काम विषाणूंची वंशवेल शोधायचं. कुठला विषाणू कुणाचा भाऊ, कोण कुणापासून कधी फुटला, हे त्यांच्या जनुकांमधल्या अक्षरांवरून ठरवायचं. अक्षरं चारच, आ, से, गे, ते, पण त्यांची माळ लांबच लांब. दोन माळा जितक्या जुळतील तितकं नातं जवळचं. आता यंत्रं हे काम चुटकीसरशी करतात. तेव्हा एक्स-रेच्या फिल्मवर चार रांगांमध्ये, दर अक्षराची एक, काळ्या पट्ट्या उमटायच्या आणि त्या डोळ्यांनी, खालून वर, एकेक करून वाचाव्या लागायच्या.

आणि वाचायला दोघं लागायची. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मग जागा बदलायच्या आणि दोन्ही वह्या ताडून बघायच्या. काचेच्या पेटीतून खालून उजेड, वर फिल्म आणि फिल्मवर झुकलेली दोन डोकी…

"आ, से, से, ते, गे," मी वाचायची.

"हळू… से किती?"

"दोन."

"माझ्या बाजूनं तीन दिसतात."

"मग या बाजूला ये."

तो यायचा. त्याच्या स्वेटरला लोकरीचा आणि कॉफीचा वास असायचा. उत्तरेकडचे लोक वाक्याचा शेवट जरा गाऊन म्हणतात. तो 'ते' म्हणायचा तेव्हा ते अक्षर हवेत क्षणभर रेंगाळायचं. माझं लक्ष वहीवरून उडायचं आणि मग ताळा जुळायचा नाही.

"तूरिड, इथे तू एक अख्खी ओळच खाल्लीस."

"भूक लागली असेल."

"आपली अक्षरं अशी शेजारी मांडली तर कितीशी जुळतील गं?"

"निदान चुलतभाऊ निघू नकोस. माझी आई बेटावरची आहे, तिथे सगळेच एकमेकांचे कुणीतरी लागतात."

"तपासून घ्यायला हवं," तो गंभीरपणे म्हणाला. "फार बारकाईनं…"

शुक्रवारी वॅफल असायचे. तो स्वतःच्या वॅफलवरचं तपकिरी चीज गुपचूप माझ्या ताटलीत सरकवायचा, आणि मी न दिसल्यासारखं करून ते खायची. एवढंच. एवढ्यावर एप्रिल सरला.

मेच्या तिसऱ्या रविवारी माझ्या भाचीची चर्चमधली दीक्षा होती. त्या दिवशी मी बहिणीकडे गेले आणि पाचव्या पिशवीची फिल्म अंधाऱ्या खोलीत ऐविंदनं एकट्यानं धुतली. सोमवारी मी ती पेटीवर मांडली, आम्ही दोघांनी वाचली, वह्या अगदी जुळल्या. ती माळ त्यानं जुन्या सगळ्या माळांशेजारी ठेवून पाहिली आणि जागच्या जागी उभा राहिला.

ती कशाशीच जुळत नव्हती. वंशवेलीवर ती सगळ्यांपासून लांब, एकटीच एका फांदीवर जाऊन बसत होती.

हालवार्ड, आमचा साठीतला प्रमुख, नुसत्या मोज्यांवरच प्रयोगशाळेत धावत आला. त्याच्या बुटांचं त्याला भानच नव्हतं.

"नवं घराणं आहे हे! आपल्या खाडीत!" तो म्हणाला. "ऐविंद, मी शुक्रवारी ऑस्लोला, अनुदानवाल्यांना फोन करतो. एवढ्यावर तीन वर्षांची जागा सहज मिळेल तुला, इथेच. राहशील ना?"

ऐविंदनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. अर्धा क्षणच… पण त्या अर्ध्या क्षणात मला सगळं कळलं, आणि मी परीक्षानळ्या मोजत असल्यासारखं करत खिडकीकडे वळले. माझे कान तापले होते.

"राहीन," तो म्हणाला.

सतरा मेला, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीला सगळं केंद्र गेलं. पिशव्यांचं पाणी मात्र त्या दिवशीही घ्यायलाच हवं होतं. ते मी आणि ऐविंदनं आपणहून अंगावर घेतलं, आणि त्यावर स्वयंपाकघरात जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. मी आजीचा भरतकामाचा झगा घालून वर केशरी जाकीट चढवलं होतं. पलीकडच्या काठावरून बँड ऐकू येत होता. ऊन पडलं होतं, आणि सहापैकी पाच पिशव्या निवळल्या होत्या. चौथीच काय ती अजून पांढरी होती.

"टोपीचा परिणाम," मी म्हटलं.

"आईला कळवतो." तो वितळतं आइस्क्रीम हातावरून चाटत होता. "तुमच्याकडे नाहीतरी सगळं उलटच आहे, तूरिड. बँड आधी वाजतो, भाषण नंतर. आमच्याकडे फिल्मचा डावा कोपरा कापतात, तुम्ही उजवा…"

माझ्या हातातली बाटली भरून वाहायला लागली.

फिल्मच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून अंधारातच तिचा एक कोपरा कापायचा, की उजेडात आल्यावर सुलट कुठली ते कळावं. आमच्याकडे उजवा. बारा वर्षं मी कापलेला कोपरा उजवीकडे ठेवूनच फिल्म मांडत आले होते.

पाचव्या पिशवीची फिल्म त्यानं धुतली होती, म्हणजे कोपराही त्यानंच कापला होता. आणि मांडली होती मी.

परत आल्यावर तो पाणी गाळायला बसला तेव्हा मी कपाटातून ती फिल्म काढली, पालटली आणि पेटीवर ठेवली. पालथी फिल्म म्हणजे आ-च्या जागी ते, से-च्या जागी गे, शेवटपर्यंत. मी एकटीनंच वाचली. नवं घराणं वगैरे काही नव्हतं. दुसऱ्या पिशवीतल्या विषाणूचाच तो सख्खा भाऊ होता, दोन अक्षरं सोडली तर तंतोतंत.

मी फिल्म परत कपाटात ठेवली.

खरं तेच सांगते. दुसरा अख्खा दिवस मी गप्प राहिले. चूक ठाऊक असलेली मी एकटीच होते. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं, की तो तीन वर्षं इथे राहणार होता. पुढे कुणाच्या कधी लक्षात आलं तर आलं, तोवर… तोवर रोज सकाळी तो स्वेटर, ती कॉफी आणि ते रेंगाळणारं अक्षर. मी कपाटाच्या दारावर हात ठेवून उभी राहिले आणि वाटलं, मागू दे मला एवढं. पण तो आत आला, शीळ घालत, आणि नव्या घराण्यावरच्या आपल्या भाषणाचे कागद मला दाखवायला लागला. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'वाचन : तूरिड आणि ऐविंद'.

त्या कागदाकडे मला धड बघवेना.

गुरुवारी सकाळी मी फिल्म नीट मांडली आणि पेन्सिल हातात घेतली.

"ये. वाच, मी लिहिते."

"पुन्हा? जुळलंय की सगळं."

"वाच तर खरं."

तो वाकला. "गे, ते, आ, आ, से…" पहिल्या ओळीला गाता गळा होता. दुसऱ्या ओळीला तो हळू झाला. तिसऱ्या ओळीच्या मध्ये थांबला. त्याचं बोट कापलेल्या कोपऱ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"डावा," तो म्हणाला.

"हो."

"कधी कळलं तुला?"

"सतरा तारखेला. तू आइस्क्रीम खाताना."

"परवा! आणि काल दिवसभर तू…?"

"गप्प होते."

"का?"

"कारण ही अशी वाचली की तू जातोस," मी म्हटलं. "आणि तशी वाचली की राहतोस."

आयुष्यात याहून सरळ वाक्य मी बोलले नाही. पेन्सिल मी इतकी घट्ट धरली होती की तिचं टोक वहीत मोडलं. ऐविंदनं ती हळूच माझ्या बोटांमधून सोडवून घेतली. हात मात्र सोडला नाही.

"तरी सांगितलंस."

"त्या कागदावर माझंही नाव आहे."

"तूरिड," तो म्हणाला, आणि माझ्या नावाचा शेवटही त्यानं गाऊन म्हटला, "मी तीन वर्षांच्या जागेला 'राहीन' म्हणालो, असं वाटलं तुला?"

त्यानं आपलं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं आणि बराच वेळ आम्ही दोघंही काहीच वाचत नव्हतो.

हालवार्डला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. तो खाली बसला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"दोघांनी वाचून? दोघांनी?" तो म्हणाला. "दोघं नक्की फिल्मकडेच बघत होतात ना?"

ऑस्लोला फोन गेला नाही. जागाही मिळाली नाही. मेच्या शेवटच्या दिवशी बर्गनच्या धक्क्यावर उत्तरेकडे जाणारं जहाज लागलं होतं आणि ऐविंद बॅग खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभा होता. पाऊस पडत होता, छत्री एकच होती.

"तिकडे आमच्या प्रयोगशाळेत हाताला वळण असलेल्या माणसाची फार गरज आहे," तो बुटाकडे बघत म्हणाला. "पगार बेताचा. हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही."

"छान जाहिरात करतोस."

"या वेळी नियम आधीच सांगतोय." त्यानं वर पाहिलं. "सप्टेंबरात येशील?"

चौतीस वर्षं मी ती खाडी सोडून कुठे राहिले नव्हते. बहीण, आई, तराफा, सगळं तिथेच. मी छत्रीच्या काडीवरून घरंगळणारा एक थेंब पाहत राहिले. तो पडायच्या आत माझं ठरलं होतं.

"ऑगस्टमध्ये आले तर चालेल?"

त्यानं बॅग खाली ठेवली. जहाज सुटायला अजून पाच मिनिटं होती. त्या पाच मिनिटांबद्दल मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या नातींनी खूप खोदून विचारलं, त्यांनाही नाही.