माठाखालची बाटली

औषध आणायला गेले होते, एवढंच. भूत शोधायला कोणी गेलं नव्हतं.

मिनल माझ्या भावाची मुलगी. सात वर्षांची. तिला साखरेचा आजार आहे, म्हाताऱ्यांना होतो तो नाही, पोरांना होतो तो. अंगात इन्सुलिन बनतच नाही. रोज सुई द्यायची, नाही दिली तर पोर चार दिवसांत संपते. एवढी सरळ गोष्ट आमच्या घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात शिरायला पोर बेशुद्ध पडावी लागली. तोवर दृष्ट काढून झाली होती, लिंबू उतरवून झालं होतं. पोर रात्रंदिवस घटाघटा पाणी पीत होती आणि हे म्हणत होते, ऊन लागलंय. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून याच लोकांनी मला अडाणी म्हटलंय.

ज्या दिवशी तिला उचलून दवाखान्यात नेलं, त्या दिवशी तिच्या तोंडाला पिकून सडायला आलेल्या चिकूसारखा वास येत होता. गोड आणि घाण. हा वास मी विसरणं शक्य नाही.

तर पुढे एक दिवस तिचं औषध संपत आलं म्हणून मी निघाले. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, म्हणजे तसं भिंतीवर लिहिलंय. खिडकीतली बाई म्हणाली, "स्टॉक नाही. सोमवारी बघा."

"तिच्या शरीराला सांगू का, सोमवारपर्यंत कळ काढ म्हणून?"

तिने खिडकी लावून घेतली. मग भाईंदरची दुकानं, मग मीरा रोडची. मोठ्या माणसांची इन्सुलिनची महागडी पेनं सगळीकडे होती, मिनलला लागते ती साधी बाटली कुठेच नव्हती. शेवटी सिल्व्हर पार्कजवळच्या एका मेडिकलवाल्याने आतून एक काढून दिली. "लास्ट पीस है, दीदी. नया माल कब आयेगा, भगवान जाने."

अंगठ्याएवढी काचेची बाटली. थर्मासमध्ये घालून, मांडीवर धरून बसने उत्तनला आले.

घरी लाइट नव्हती. ट्रान्सफॉर्मर जळाला होता, उद्याशिवाय येत नाही म्हणे. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. भाऊ बोटीवर, दर्यात. वासंती वहिनी मिनलला पेपरने वारा घालत होती. बंद फ्रीजखालून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला होता.

"डॉक्टर म्हणाले होते गार ठेवा," वहिनी रडवेली झाली. "आता कुठे ठेवायची?"

"कोळ्याच्या घरान गारव्याची काय कमी हाय?" इंदूआत्या उठली. ती माझ्या पप्पांची बहीण. नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असते, बाजारात मासे विकते. तिने थर्माकोलचा खोका पुढे ओढला, बर्फ फोडला आणि त्यावर मुठीने जाडं मीठ टाकलं. "मीठ टाकला का गारवा कडक होतो. मावरा चार दिस हालत न्हाय, तं ह्या औषधाला काय व्हतंय?"

तिने बाटली पार तळाशी पुरली. एखाद्या पोराला पांघरूण घालावं तशा हळुवार हातांनी.

पप्पा दारात उभे होते. त्यांचं तोंड उघडलं, मग मिटलं. ते खाली पायांकडे बघत बाहेर निघून गेले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पप्पा आयुष्यभर असंच करत आलेत.

दुपारी सगळे आडवे झाले. अंगणात बोंबील वाळत होते, त्यांचा वास, माश्यांची घूं घूं, लांबून लाटांचा आवाज. मी ओट्याला टेकून बसले होते. डोळा लागणार, एवढ्यात पाठीमागे कोणीतरी पाणी प्यायला लागलं.

मगा माठात बुडाल्याचा आवाज. मग घोट. मोठे, अधाशी, मध्ये श्वास न घेता. मगा परत बुडाला. परत घोट...

वाटलं, मिनलची साखर चढली. वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं. माठावरची थाळी बाजूला काढलेली. सकाळी मीच गळ्यापर्यंत भरलेला माठ तळाला गेला होता. आणि वास. बोंबलांच्या वासाला चिरत येणारा, सडक्या चिकूचा.

धावत जाऊन मिनलच्या तोंडाशी नाक नेलं. ती गाढ झोपलेली. तोंडाला दुधाचा वास. परत आले तर खोक्याचं झाकण उघडं, बर्फ उकरलेला, बाटली गायब.

अर्धा तास घर उलथंपालथं केलं. बाटली माठाखाली सापडली. माठ आम्ही परातीत ओली वाळू घालून तिच्यावर ठेवतो. त्या वाळूत, माठाच्या पोटाला टेकवून, ती नीट उभी खोचली होती.

आत्याने झोपलेल्या मिनलला दंड धरून उठवलं. "तूच काढलंस ना गो? सुई नको म्हनून?"

"मी नाही, आजी. तिने काढली."

"कोणी?"

"ती पाणी प्यायला येते ना, ती." मिनलने डोळे चोळले. "तिला खूप तहान लागते. मला लागायची तशी."

वहिनीने पोरीला छातीशी ओढलं. आत्या पुटपुटत बाटली पुन्हा बर्फात पुरून आली. या वेळी झाकणावर तिने पाटा ठेवला, मसाला वाटायचा, दगडी. मला दोन्ही हातांनी उचलत नाही तो.

माठ भरून मी खोक्यासमोर मांडी ठोकली. म्हटलं, जी कोण आहे ती येऊ दे.

थोड्याच वेळात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. अंधार कोपऱ्यातून सुरू झाला आणि हळूहळू माझ्या पायांपर्यंत आला. मेणबत्ती आणायला उठावं म्हणत होते, पण उठवेना. घरात अचानक गार झालं. मिठाच्या बर्फात हात घातल्यावर हाडं दुखतात, तसं गार.

मगा हलल्याचा आवाज आला.

माझ्या डोळ्यांसमोर माठ होता. मगाही दिसत होता, थाळीवर पालथा, जागच्या जागी. तरी पाणी उपसल्याचा आवाज येत होता. घोट... घोट... घोट... वास दाटत गेला. मग दगड थर्माकोलवर घासल्याचा करकर आवाज. हळू, दमाने, लहान हातांना जड जावं तसा. आणि अगदी कानाशी, कोरड्या घशातून,

"आये... यात न्हाय..."

पाटा जमिनीवर धपकन बसला.

दारात टॉर्च पेटला. पप्पा होते. टॉर्चचा उजेड भिंतीवरून सरकला. आधी उघड्या खोक्यावर आला, मग माठाच्या वाळूवर. बाटली तिथे उभी होती, ओली, चमकत.

"शेवंती..." पप्पा म्हणाले.

मी त्यांना धरून मागच्या पडवीत आणलं. "कोण शेवंती?"

"हळू बोल..."

"नाही बोलणार हळू. कोण?"

"इंदूची पोर. तू जल्मायच्या आधीची." ते खाली बसले. "मिनलसारखाच आजार. औषध मुंबयशी आणायचं. तवा आपल्या घरान फ्रीज न्हवता. इंदूनं बर्फान ठेवला, मीठ टाकून. रोज सुई देत होती. तरी पोर सुकत गेली. निस्ता पानी मागायची..."

"पुढे?"

"पोर गेल्यावर मोठा डॉक्टर मना बोलला. औषध गोठला का मेला. वरशी दिसतो तसाच, पन आतशी पानी. तुमी पोरीला पान्याच्या सुया दिल्या."

"आत्याला माहीत आहे?"

"कसा सांगू? तिच्या हातानं झाला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आज दारात उभे राहून बघत होता तुम्ही. मिनलची बाटली त्याच मिठात, त्याच हातांनी, आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मना वाटला..." पप्पा लहान पोरासारखे बघत होते. "वाटला, आता औषधां बदलली असतील."

काय म्हणायचं या माणसांना? बहिणीचं मन दुखू नये म्हणून नातीचा जीव टांगायचा. यालाच हे माया म्हणतात. मी दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला. ती वैतागून म्हणाली, "गोठवायची नाही हो! ओल्या वाळूत माठाखाली ठेवली तरी चालेल. सांगितलं नव्हतं का कोणी?"

"नाही, मॅडम. तुमच्यापैकी कोणीच नाही."

फोन ठेवून वळले तर पडवीच्या दारात इंदूआत्या उभी. कधीपासून, कोण जाणे. मला वाटलं आता ही छाती पिटेल, पप्पांना शिव्या घालेल. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत गेली. हंडा उचलला आणि माठात पाणी ओतायला लागली, धार मोडू न देता. माठ भरला, वाहू लागला, तरी ओतत राहिली. मग शेजारी फरशीवर बसली आणि जन्मभर बर्फ उकरून, मीठ लागून चिरलेला हात माठाच्या पोटावर ठेवला.

"सावकास पी, बाय," ती म्हणाली. "ठसका लागल."

मिनलला त्याच बाटलीतली सुई दिली. वहिनीने पोरीला धरलं, मी दिली. मग आम्ही बोटाला टोचून मीटरकडे बघत बसलो. जेवण झालं, आकडा उतरला. पोर टिकली. बाटलीला गोठू दिलं नव्हतं कोणीतरी.

दुसऱ्या दिवशी लाइट आली. आत्याने तेव्हापासून बाजारात जाणं कमी केलंय. दुपारी माठापाशी बसते. माठ संध्याकाळपर्यंत रिकामा होतो आणि ती परत भरते. आम्ही कोणी विचारत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी सांगायला बसलेच नसते.

बाटली संपत आली तेव्हा मी त्याच मेडिकलमधून नवी आणली. दवाखान्यात अजून सोमवारच चालू होता. नवी फ्रीजच्या दारात ठेवली, सांभाळून. दुपारी मोरीत काच फुटल्याचा आवाज आला. नवी बाटली दगडावर आपटून चक्काचूर झाली होती. फ्रीजचं दार उघडं.

मी म्हटलं, संपलं. आता ही मिनललाही आपल्याकडे ओढते आहे.

आत्याने काचा गोळा केल्या, त्यावरचं औषध बोटाने चोळलं. "ती पोर औषध फुकट घालवायची न्हाय," ती म्हणाली. "रीमा, दुकानान जा. आत्ताच."

गेले. दुकानदार पंख्याखाली घामाघूम बसला होता. विचारलं, माल आला कसा होता?

"एकदम चिल्ड, दीदी!" त्याला अभिमान वाटला. "बर्फ में दबा के भेजा था. पत्थर जैसा जमा हुआ था. मैंने खुद पिघलाया."

"और बाकी बॉटल?"

"हफ्ते भर में सब बिक गया. आपके जैसे ही, बच्चोंवाले लोग."

"फोन लगाओ. सबको. अभी के अभी."

माझा चेहरा पाहून त्याने मोबाइल उचलला. नंबर लावता लावता कोरडे ओठ चाटले, काउंटरवरचा पाण्याचा जार तिरका केला. थेंबसुद्धा पडला नाही. "कमाल है... सुबह से कितनी बार भरवाया."

पलीकडे रिंग वाजत होती. कोणी उचलत नव्हतं. दुकानात औषधांचा नेहमीचा कडू वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा, गोड.

मागच्या कपाटांआडून पाणी पिण्याचा आवाज येत होता. घोट... घोट... मी तो आता चांगला ओळखते.

पण तो एकटीचा नव्हता.